सर्वपित्रीची मॅच

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा इतिहास लिहायचा म्हटलं तर एक पोस्टकार्ड पुरेल, आणि पत्त्याची बाजू कोरीच राहील. नव्वदच्या दशकातलं नाशिक ते. क्रिकेट खेळणाऱ्याला लोक मुलगी द्यायला तयार असत, कबड्डी खेळणाऱ्याला निदान वाट तरी देत. फुटबॉल खेळणाऱ्याला विचारत, "ते ठीक आहे, पण करतोस काय?"

मी त्या संघाचा गोलरक्षक होतो. हे वाक्य मी आजही छाती पुढे काढून म्हणतो. छातीपेक्षा पोट आधी पुढे येतं, पण ते तेव्हाही यायचं. आमचे क्रीडा शिक्षक मूळचे कबड्डीचे. फुटबॉल त्यांच्या गळ्यात पडला तो वेळापत्रकामुळे. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं, माझ्यापाशी थांबले, मला एकदा समोरून आणि एकदा बाजूनं पाहिलं आणि म्हणाले, "हा जागा अडवतो. याला खांबांमध्ये ठेवा." माझी निवड चाचणी ती एवढीच.

कॉलेजातल्या माझ्या पहिल्या वर्षी आम्ही पहिल्याच फेरीत आठ गोलांनी हरलो. दुसऱ्या वर्षी हरलोसुद्धा नाही. नियमाप्रमाणे मैदानात निदान सात माणसं लागतात आणि आम्ही सहा होतो. समोरच्या संघानं आमच्याशी हात मिळवले, पंचांनी शिट्टी वाजवली आणि स्पर्धा संपली. सर म्हणाले, "गेल्या वर्षीपेक्षा सुधारणा आहे. आठ गोल वाचले."

तर तिसरं वर्ष. माझं आणि कॅप्टनचं शेवटचं.

कॅप्टनबद्दल मात्र मला थोडं सरळ लिहावं लागेल, कारण आमच्यात खरा खेळाडू तो एकटाच होता. सायखेड्याकडचा. घरी झेंडू आणि शेवंती. पहाटे फुलांच्या टेम्पोत क्रेटवर बसून नाशिकला यायचा, फुलबाजारात माल उतरवायचा आणि तिथून पायी मैदानावर. अंगाला झेंडूचा वास, पायात कॉलेजचे बूट, आणि त्या बुटांत असं काहीतरी की चेंडू त्याच्यापाशी आला की ओळखीच्या माणसासारखा थांबायचा. नाशिक रोडच्या प्रेस कॉलनीतली दोन मुलं आमच्यात होती, त्यांनी लहानपणापासून चांगला फुटबॉल पाहिलेला. ती म्हणायची, हा चुकून आपल्यात आलाय.

त्याला पोलिसात जायचं होतं. खेळाडूंसाठी राखीव जागा असत, आणि त्यासाठी विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचं प्रमाणपत्र लागे. विद्यापीठाचा संघ निवडणारे दोन सर आमच्या विभागाच्या स्पर्धेला यायचे, पण ते यायचे उपांत्य फेरीपासून. पहिल्या फेरीतल्या कत्तली बघायला त्यांना वेळ नसे. आठ संघ, म्हणजे एक मॅच जिंकली की उपांत्य फेरी. कॅप्टनला आयुष्यात एवढंच हवं होतं. आम्ही एक मॅच जिंकावी, म्हणजे पुढची मॅच हरताना तरी कोणीतरी त्याला बघेल.

त्या मोसमात आम्ही सात सराव सामने खेळलो. देवळालीच्या पोरांकडून हरलो, रेल्वे कॉलनीच्या पोरांकडून हरलो, आणि एकदा एका शाळेच्या संघाकडूनही हरलो. ते शाळकरी आमच्या पायांमधून पळत होते आणि आमचे सर कडेनं ओरडत होते, "धरा, धरा, कमरेला धरा." मैदान काळ्या मातीचं. पावसाळाभर त्यात बूट रुतायचे आणि भाद्रपद लागला की तीच माती विटेसारखी कडक व्हायची. वसतिगृहातली चार मुलं सरावाला यायची ती सरावानंतर मिळणाऱ्या केळ्यांसाठी. केळी ज्या दिवशी आधी वाटली गेली, त्या दिवशी सराव झाला नाही.

कॅप्टन मात्र चिडायचा नाही. केळी खाणाऱ्यांना तो म्हणायचा, "खा, पन साल माझ्या वाटंत टाकू नका, पाय मोडला तर नोकरी जाईल." नोकरी अजून मिळायची होती.

स्पर्धेचं वेळापत्रक लागलं तेव्हा तो मला शोधत रामकुंडापाशी आला. आमचं घर पंचवटीत. पिढीजात व्यवसाय यात्रेकरूंना उतरवून घ्यायचा आणि त्यांचे विधी करून द्यायचा. तो पितृपक्ष होता, आणि आमच्या भागात पितृपक्ष म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगावं लागतं. लांबलांबून लोक येतात, आपल्या मेलेल्या माणसांसाठी विधी करतात आणि मग ब्राह्मणांना पानावर बसवतात. जो पानावर बसतो तो त्या वेळेपुरता यजमानाचा बाप, आजा किंवा पणजोबा असतो. त्याला पोटभर वाढायचं आणि शेवटी हात जोडून विचारायचं, तृप्त झालात का. तो 'तृप्त झालो' म्हणाला की वरचे सुटले. सोळाव्या वर्षापासून मी असा कित्येकांचा पणजोबा झालो होतो. फार मन लावून व्हायचो.

कॅप्टनचा उलटा हिशेब. पितृपक्षात लग्न नाही, पूजा नाही, झेंडूला कुत्रं विचारत नाही. वर्षात हा पंधरवडाच त्याला मोकळा.

"आपली मॅच अमावशाला हाय," तो म्हणाला.

"कोणत्या?"

"याच. सर्वपित्री. तीन वाजता, मनमाडवाल्यांशी."

मी हसलो. सर्वपित्रीला, ज्यांना आपल्या माणसाची तिथी माहीत नसते किंवा चुकलेली असते, ते सगळे एकदम येतात. त्या दिवशी पंचवटीत ब्राह्मण कमी पडतात. गळ्यात जानवं असलेलं कॉलेजचं पोरही सोन्याच्या भावानं जातं.

"हसू नको, गुरुजी," तो म्हणाला. मला तो कायम गुरुजीच म्हणायचा. "त्या दिवशी तू पानावर बसायचं नाय. एक दिवस."

"नाही बसणार."

"शपथ घे."

"कोणाची?"

"तुझ्या पोटाची. दुसरं तू काय मानत नाय."

मी पोटावर हात ठेवून शपथ घेतली. घाटावरच्या दोन म्हाताऱ्या आमच्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं असेल, पोराचं पोट दुखतंय.

अमावास्येच्या दिवशी सकाळी मी फक्त चहा घेतला. किटची पिशवी दाराशी ठेवली. आमच्या मोठ्या खोलीत त्या दिवशी जळगावकडचं एक वयस्क जोडपं होतं. त्यांचा विधी सकाळीच झाला होता. स्वयंपाक तयार होता, पानं मांडली होती, आणि तिसरा ब्राह्मण आला नव्हता. त्याला ताप भरल्याचा निरोप आला. म्हातारे गृहस्थ दारात उभे. त्यांच्या बायकोनं खिरीवर झाकण ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.

वडील माझ्याकडे आले. हळू आवाजात म्हणाले, "अकरापासून खोळंबलेत रे. तुझी मॅच कितीला?"

"तीनला."

"मग तासाभरात होईल. बसतोस का? बेतानं जेव."

बसलो. याबद्दल मला आजही काही वाटत नाही. ती बाई सकाळपासून उपाशी होती. कोणीही बसला असता. मी चार वडे खाल्ले, खीर एकदा घेतली, त्यांनी 'तृप्त झालात का' विचारल्याबरोबर 'तृप्त झालो' म्हणालो आणि उठलो. दीड वाजला होता. वडिलांनी स्वतः माझी पिशवी उचलून हातात दिली. म्हणाले, "आता नीघ. वेळेत जा. वाटेत कुठे थांबू नकोस." सायकलचं मागचं चाक दाबून हवा आहे का तेही बघितलं.

हे मी मुद्दाम नीट लिहितो आहे. ते म्हणाले होते, वाटेत थांबू नकोस.

दोन गल्ल्या सोडून एका वकिलांचं घर होतं. त्यांच्याकडच्या आचाऱ्याचे उडदाचे वडे सगळ्या पंचवटीत प्रसिद्ध. वरून खरपूस, आत मऊ, मधोमध भोक इतकं गोल की परकार ठेवून काढल्यासारखं. मी सायकलवरून जात होतो आणि वकील दारातच उभे होते.

"काय रे, बसतोस का? एक पान रिकामं आहे."

श्राद्ध जेवलेल्या माणसासाठी नियम आहेत. त्यानं त्या दिवशी दुसऱ्यांदा जेवू नये, प्रवास करू नये, ओझं उचलू नये. फुटबॉलचा उल्लेख नाही, पण शास्त्रकारांना तो सुचला नसेल इतकंच. मला हे सगळे नियम पाठ होते. मी घड्याळ पाहिलं. पावणेदोन.

मी का थांबलो, यावर मी पुष्कळ वर्षं पुष्कळ नाटकं केली आहेत. वास आला, पाय आपोआप खाली टेकले, वगैरे. खरं साधं आहे. आम्ही जिंकू असं माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. तीन वर्षांत हा संघ जिंकलेला मी पाहिला नव्हता. कॅप्टनला शपथ दिली ती त्याचं मन राखायला. हरायचंच आहे तर उपाशी कशाला हरायचं, एवढाच विचार करून मी सायकल भिंतीला टेकवली.

अकरा वडे खाल्ले. लाडू, भोपळ्याची भाजी, कढी, वर आमसुलाची चटणी, म्हणजे पुन्हा वड्याला जागा. वकिलांनी हात जोडून विचारलं, "तृप्त झालात?" मी गप्प बसलो, कारण खिरीचं पातेलं पुन्हा या टोकाकडून निघालेलं मला दिसत होतं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही गप्प. माझ्या शेजारचे वृद्ध गुरुजी कुजबुजले, "अरे, बोल आता. पितर केव्हाच गेले." मग बोललो.

मैदानावर पोचलो तेव्हा तीनला पाच मिनिटं कमी होती. कॅप्टन धावत आला. माझ्या खांद्यावर हात मारून म्हणाला, "आलास. मला वाटलं तू येत नाय." आणि दुसरं काहीच न विचारता परत गेला. आम्ही बरोबर अकरा होतो. सरांनी भाषण केलं. ते दरवर्षी तेच असायचं, "आब्रू सांभाळा, दुखापत सांभाळा, बूट सांभाळा, बूट कॉलेजचे आहेत."

आणि मग जे झालं ते मला अजून उलगडलेलं नाही. आमचा संघ खेळायला लागला.

केळी खाणारे चौघं आडवे पडून चेंडू अडवत होते. प्रेस कॉलनीतली दोघं एकमेकांना पास देत होती, आणि तो पास दुसऱ्याला पोचत होता, जे याआधी झालं नव्हतं. मनमाडवाले चांगले होते, रेल्वेच्या मैदानावर वाढलेले, धिप्पाड. पहिल्या दहा मिनिटांत त्यांचा एक जबरदस्त फटका थेट माझ्या पोटावर आला. मी हललो नव्हतो, मला हलताच येत नव्हतं. चेंडू पोटावर आपटून मैदानाबाहेर गेला आणि कडेच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून अभिवादन करणार होतो. वाकायला सुरुवात केली आणि विचार बदलला.

विसाव्या मिनिटाच्या सुमारास कॅप्टननं मधल्या रेषेपाशी चेंडू घेतला. एकाला डावीकडून चुकवलं, दुसरा आपणहून पडला, तिसऱ्याच्या समोर तो क्षणभर थांबला, चेंडूवर पाय ठेवून, जसा कोणी टपरीवर उभा राहतो तसा. तिसरा गोंधळला. आणि चेंडू जाळ्यात.

आम्हाला आनंद कसा करायचा माहीत नव्हतं. आम्ही नुसते उभे राहिलो. सर कडेनं चालत प्रेस कॉलनीच्या पोरापाशी आले आणि गंभीरपणे विचारलं, "आता काय करायचं असतं?"

मध्यंतराला एक-शून्य. कॅप्टन दूर मातीवर बसून बुटाची नाडी सोडत होता आणि पुन्हा बांधत होता. मी त्याच्यापासून लांब उभा राहिलो. माझ्या पोटात आता खीर आणि कढी यांची ओळख व्हायला लागली होती, आणि त्यांचं जमत नव्हतं. पहिल्यांदाच मला कळलं की आपण जिंकू शकतो.

उत्तरार्धात त्यांनी बरोबरी केली. कॉर्नरवरून आलेला चेंडू, डोक्यानं मारलेला. तो गोल कोणीही वाचवू शकला नसता असं सगळे म्हणाले. उडी मारली असती तर माझा हात लागला असता.

शेवटचं मिनिट चाललं होतं. त्यांच्या एका खेळाडूनं लांबून फटका मारला, तो आमच्याच एकाच्या पायाला लागून मेला. मेला म्हणजे अगदी हळू झाला. कडक मातीवरून डुगडुगत, सुट्टीवर आलेल्या माणसासारखा तो चेंडू माझ्याकडे यायला लागला. आजूबाजूला कोणी नाही. मला फक्त खाली वाकून तो उचलायचा होता.

मी वाकलो.

पुढचं मी मंडळींसमोर अभिनयासकट करून दाखवतो, इथे थोडक्यात सांगतो. मी वाकल्याबरोबर दोन घरचे पितर एकदम वर आले. मी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि खांबाकडे वळलो. चेंडू माझ्या पायांजवळून गेला. घाई नव्हती त्याला. रेषा ओलांडून जाळ्यापर्यंतही पोचला नाही, आतच थांबला. मनमाडवाल्यांना आधी कळलंच नाही की गोल झालाय. मग कळलं.

दोन-एक. शिट्टी.

कॅप्टन माझ्याजवळ आला तेव्हा मी खांबाला धरून बसलो होतो. त्यानं पाण्याची बाटली दिली. मी चूळ भरली. तो माझ्यासमोर उकिडवा बसला.

"जेवून आला व्हता."

मी मान हलवली.

"किती घरं?"

"एक," मी म्हणालो. "वडिलांनी बसवलं. माणूस कमी पडला. नाही कसं म्हणणार."

त्यानं बाटलीचं बूच लावलं. मग म्हणाला, "बापाला नाय कसं म्हननार. माझ्यानंबी झालं नसतं." आणि माझ्या काखेत हात घालून त्यानं मला उठवलं.

विद्यापीठाच्या संघाची यादी महिन्यानं फलकावर लागली. त्यात मनमाडचे तिघं होते. कॅप्टननं ती वरून खाली वाचली, खालून वर वाचली, आपलं नाव नसणार हे माहीत असूनही. पुढच्या वर्षी तो पोलीस भरतीला सर्वसाधारण रांगेतून गेला. धावण्यात पुढे होता. शेवटच्या यादीत आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही आला नाही. मग वय झालं, लग्न झालं, आणि फुलांच्या टेम्पोत तो क्रेटवरून पुढच्या सीटवर आला.

कॉलेजनं फुटबॉल बंद केला. सर आनंदानं कबड्डीकडे परतले.

मी याजकी केली नाही. नोकरी धरली, आणि नोकरीत, लग्नाकार्यात, सहलींत, माणसं जमली की लोक म्हणायचे, ती मॅचची गोष्ट सांग. मी सांगायचो. वडे मोजून दाखवायचो, चेंडूची चाल करून दाखवायचो, लोक पोट धरून हसायचे. त्या गोष्टीत घर एकच असायचं. अकरा वडे त्या एका घरातले. वडील मला हाताला धरून पानावर बसवतात आणि म्हणतात, मॅच काय, पुन्हा होईल. त्यांचा आवाज मला फार छान काढता येतो.

एकदा एका साखरपुड्यात मी हे रंगात येऊन सांगत होतो आणि वडील मागे खुर्चीवर बसलेले मला उशिरा दिसले. त्यांना वकिलांच्या घरचं माहीत होतं. पंचवटीत असं लपत नाही, दुसऱ्याच दिवशी पंगतीतल्या त्या वृद्ध गुरुजींनी त्यांना सांगितलं होतं. मी मधेच थांबलो. कोणीतरी म्हणालं, "मग? मग काय झालं?" वडील इतरांसारखेच हसत होते. मी गोष्ट पूर्ण केली. घरी जाताना रिक्षात ते म्हणाले, "माझा आवाज जरा जाड काढतोस तू."

ते गेल्याला दुसरं वर्ष असेल. दोन हजारच्या पुढची चार-पाच वर्षं उलटली होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी फुलं घ्यायला बाजारात गेलो होतो. टेम्पोच्या फाळक्यावर कॅप्टन बसलेला. डोक्याचे केस गेलेले, पाय अजून तसेच. मला बघून उतरला, मिठी मारली, आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना सांगायला लागला, "हा आमचा गोलकीपर. याच्या पोटावर चेंडू फुटायचे." लोक हसले. मीही पोट पुढे काढून दाखवलं.

मग माझ्या पिशवीत झेंडू भरता भरता आवाज खाली करून म्हणाला, "तुझे वडील गेले तवा मी आलो व्हतो. अमरधामला. गर्दी व्हती, तुला दिसलो नाय."

"मला माहीत नव्हतं."

"लय वर्षं राग व्हता रे त्यांच्यावर. खोटं कशाला बोलू. वाटायचं, एका दिवसानं काय बिघडलं असतं त्यांचं." त्यानं पिशवी हलवून फुलं खाली बसवली आणि वर आणखी ओंजळभर टाकली. "मग तिथं पायाशी गेलो. हात जोडले. मनात म्हनलं, जाऊ द्या बाबा, माफ केलं."

तो माझ्याकडे बघत होता. मागे गिऱ्हाईक भाव विचारत होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य माझ्याकडे तयार होतं, बरीच वर्षं.

मी म्हणालो, "बरं केलंस."